मोहोडबाईंकडे चहा

“असं नाही. पुन्हा म्हण,” शैलजा म्हणाली आणि तिनं कोथिंबिरीची, आमच्याकडच्या भाषेत सांबाराची, दुसरी जुडी सुरीखाली घेतली.

मी वड्यांसाठी बेसन मळत होते. “गावंडे सर, मला तुम्हांला एक विचारायचं आहे.”

“हे तू तोंडी परीक्षेला विचारतेस तसं झालं. बिचारे घाबरून ओहमचा नियम सांगतील.”

“मग कसं म्हणू?”

“जरा हसून म्हण. आणि ‘सर’ कशाला? ज्याला लग्नाचं विचारायचं त्याला कुणी सर म्हणतं का?”

“विचारून होईपर्यंत ते सरच आहेत,” मी म्हटलं. “पुढचं पुढे.”

शैलजा हसता हसता खाली वाकली आणि तिच्या मांडीवरचा सांबार सगळ्या स्वयंपाकघरात पांगला. मला हसू येत नव्हतं. माझे हात कोपरापर्यंत बेसनानं भरले होते आणि मळून झालेलं बेसन मी पुन्हा मळत होते.

डिसेंबरातला शनिवार होता. अमरावतीत त्या वर्षी थंडी अशी पडली होती की दुपारच्या तासालाही पोरं मफलर काढत नव्हती. एका घराच्या गच्चीवरच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहत असे. तिथं तोपर्यंत कुणाला चहाला बोलावलं नव्हतं. बोलावण्याइतके कपच नव्हते. त्या दिवशी शैलजानं आपल्या घरचे कप पिशवीत घालून आणले होते, बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली होती, शेगडीत कोळसे फुलवले होते, टोपलीत संत्री मांडली होती. गवती चहा धुऊन ठेवला होता. शैलजा काळमेघ माझ्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, त्यामुळे गवती चहा तिच्याच वाफ्यातला होता आणि त्याबद्दल तिला भारी अभिमान होता. आम्ही दोघी धरून तिसऱ्या ताहेराआपा, आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल. चौथे गावंडे सर.

खरं म्हणजे सगळा घाट चौथ्या माणसासाठी होता. दिवाकर गावंडे भौतिकशास्त्र शिकवत. माझी रसायनाची प्रयोगशाळा आणि त्यांचा वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत होती. वर्गात कुणाचं उत्तर चुकलं तर ते ‘चूक’ म्हणत नसत. “जवळपास आहेस,” म्हणत. टायट्रेशन घेताना मला पलीकडून ते ऐकू येई. दोन वर्षं मी ती भिंत ऐकत होते. स्टाफरूममध्ये आमचं बोलणं म्हणजे “आज थंडी आहे” आणि “हो, आहे”. त्याच्या पुढे ना ते गेले, ना मी.

तसंच चाललंही असतं. पण त्या मंगळवारी स्टाफरूममध्ये कुणीतरी त्यांची चेष्टा केली.

“काय गावंडे, रविवारी वर्ध्याला निघालात म्हणे मुलगी बघायला?”

“आत्या नेते आहे,” सर म्हणाले.

“पसंत नाही पडली तर?”

“पडेल.”

“बघायच्या आधीच?”

“एक माणूस नटून बसणार, सगळ्यांसमोर ट्रे घेऊन येणार, आणि त्यावर मी नाही म्हणणार? मला ते जमायचं नाही. जी पहिली बघेन तिला मी हो म्हणणार आहे. आत्याला तसं सांगूनही ठेवलंय.”

सगळे हसले. मी हसले नाही, कारण ते खरं बोलत होते. मी स्वतः किती वेळा तो ट्रे नेला होता ते मोजणं मी सोडून दिलं होतं. शेवटी आईला सांगून टाकलं होतं की आता पुरे. आणि इथं एक माणूस म्हणत होता की तो कुणालाच तसं परत पाठवणार नाही. असा माणूस वर्ध्याच्या एका अनोळखी मुलीला, केवळ ती पहिली म्हणून, रविवारी मिळणार होता. संध्याकाळी मी शैलजाला सांगितलं. ती म्हणाली, “मग शनिवारी विचार. चहाला बोलावू. मी जाऊन त्यांना निमंत्रण देते, तुझ्यानं ते व्हायचं नाही.”

असा तो शनिवार होता.

ताहेराआपा आधी आल्या. शाल घट्ट लपेटून शेगडीशी बसल्या आणि माझ्याकडे एकदा बघून म्हणाल्या, “कुमुद, तुला ताप आहे का?”

“नाही, आपा.”

“मग गाल कशानं लाल झाले?”

“शेगडीमुळे,” मी म्हटलं.

“शेगडी तर माझ्याजवळ आहे,” आपा म्हणाल्या आणि संत्रं सोलू लागल्या. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांना लागतही नसे.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मी शैलजाकडे बघितलं, शैलजानं माझ्याकडे. पावलं एका माणसाची नव्हती.

“सावकाश चढा जी,” खालून एका बाईचा खणखणीत आवाज आला, “जिना उभा हाय.”

दारात आधी त्या बाई आल्या. नऊवारी, वर नवं स्वेटर, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पिशवी. पिशवीतून नारळाची शेंडी डोकावत होती. त्यांच्या मागून पांढरी टोपी घातलेले एक उंच, अबोल गृहस्थ आणि सगळ्यांत मागे गावंडे सर. त्यांनी टाय लावला होता. कॉलेजात मी त्यांना कधी टायमध्ये बघितलं नव्हतं.

“मी दिवाकरची आत्या,” बाई म्हणाल्या. “चांदूरहून आलो. हे ह्याचे मामाजी, आमचे मालक. उद्याच्या कामासाठी आलोच होतो, मंग आजचंही काम उरकून घेऊ म्हटलं.” मग त्यांनी खोलीभर नजर फिरवली. “मुलगी कोणती?”

शैलजानं बोट केलं. मी कोपरापर्यंत बेसनात उभी होते.

“हे बरं केलं,” आत्याबाई म्हणाल्या. “आजकाल पोरी आईनं केलेल्या वड्या आपल्या म्हणून आणतात. ही तर खरंच करून राह्यली.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे लग्नाच्या मुलीच्या घरून चहाचं बोलावणं गेलं की त्याचा अर्थ एकच. आम्ही दोघी शिकलेल्या बायका, चहाचं प्रमाण ठरवण्यात चार दिवस घालवले, आणि हे एक आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

मी सरांकडे बघितलं. ते सतरंजीच्या काठाकडे बघत होते.

“बसा,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सगळे बसले. आत्याबाईंनी पिशवी मांडीशी ठेवली आणि कामाला लागल्या.

“पूर्ण नाव काय, बाई?”

“कुमुद यशवंतराव मोहोड.”

“कुठले मोहोड?”

“दर्यापूरचे.”

“म्हणजे आमच्या जावेच्या माहेरकडचे. घरचं मोठं माणूस नाई दिसत कोणी?”

“आई दर्यापूरला असते. वडील नाहीत.”

“अन् बघण्याले आई नाई आली?”

“तिला माहीतच नाही,” मी खरं तेच सांगितलं.

आत्याबाई थबकल्या. “अवं माय! चहाले बोलावलं तू अन् आईले माहीत नाई? अन् चहाले बोलावलं म्हणल्यावर आमाले समजत नाई का?” मग त्यांनी मान डोलावली. “हिंमतीची हाय. अन् ह्या कोण?”

“मी ताहेरा,” आपा म्हणाल्या. “मुलीकडची.”

शैलजाला ठसका लागला.

“बरं,” आत्याबाई म्हणाल्या. “आण मंग चहा. उजेड हाय तोवर बघून घेऊ.”

मी स्वयंपाकघरात गेले. शैलजा मागोमाग आली आणि तिनं दार लोटून घेतलं. तिचे डोळे आनंदानं एवढे मोठे झाले होते.

“कुमे! अगं, आयतंच झालं! तुला तोंड उघडायलाही नको. ट्रे घे, जा, समोर ठेव. ते काय म्हणाले होते? पहिलीला हो! वर्ध्याच्या आधी तू! उद्यापासून तुला भिंतीला कान लावायला नको.”

“तेच तर,” मी म्हटलं.

“तेच तर काय?”

“ते ट्रेला हो म्हणतील. ट्रे कुणाच्याही हातात असता तरी म्हणाले असते. माझ्या जागी तू असतीस तरी.”

“माझं लग्न झालंय.”

“शैला, मला त्यांना विचारायचं होतं. त्यांनी विचार करून उत्तर द्यायचं होतं. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणायचं होतं. आता त्यांना नाही म्हणताच येणार नाही. मग त्या हो-ला काय अर्थ?”

शैलजानं कपाळाला हात लावला. “बाप्पा! अगं, हो म्हणजे हो. त्याचं काय पृथक्करण करतेस?”

बाहेरून आत्याबाईंचा आवाज आला, “आलं घालजो बाई, मामाजीले सर्दी हाय.”

स्टोव्हवर पाणी ठेवायचंच बाकी होतं. मी पातेल्याकडे बघत उभी राहिले. आणि एकदम सगळं सोपं वाटलं. समीकरणातलं पद पलीकडे नेल्यावर वाटतं तसं. सरांचा नियम ट्रे आणणाऱ्या मुलीला लागू होत होता. मी ट्रे आणलाच नाही, तर मी बघितलेली मुलगी होत नव्हते. मग ते मोकळे होते. मीही.

मी हात धुतले, पदराला पुसले आणि रिकाम्या हातांनी बाहेर येऊन त्यांच्यासमोर मांडी घालून बसले.

“चहा?” आत्याबाईंनी विचारलं.

“आज चहा गावंडे सर करतील,” मी म्हटलं.

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. वर्गाबाहेर मी इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. मामाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पहिल्यांदाच नीट माझ्याकडे बघितलं.

“कोण करतील?” आत्याबाईंनी विचारलं.

“सर. पाणी, चहा, साखर सगळं ओट्यावर आहे. वड्या शैलजा तळेल.”

मला वाटलं होतं, सर आत्याबाईंकडे बघतील. पण ते ताडकन उठले, जणू इतका वेळ कुणीतरी काहीतरी काम सांगावं याचीच वाट बघत होते. “स्टोव्हला पंप किती मारायचा?” त्यांनी विचारलं.

“पेटेपर्यंत,” शैलजा म्हणाली आणि त्यांना आत घेऊन गेली.

आता आत्याबाई, मामाजी, आपा आणि मी. आत्याबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांना रागवायचं होतं, पण कशावरून सुरुवात करावी ते ठरत नव्हतं.

“मुलगा शांत आहे का?” मी विचारलं.

“आं?”

“स्वभावानं. रागीट नाही ना?”

“रागीट?” आत्याबाई उसळल्या. “आमचा दिवाकर? अवं, लहानपणी कोंबडीनं पोळी नेली हातातली तर हा म्हणे, नेऊ दे, तिले भूक असन. मायबाप गेल्यावर मी वाढवला त्याले. आवाज चढवलेला ऐकला नाई मी कधी.”

“तब्येत कशी असते?”

“ठणठणीत! एकदा गोवर झाला होता, तोही हलकाच.”

“आवडीनिवडी?”

“काही नाई. जे पानात पडंल ते खातो. कारल्यालेही नाई म्हणत नाई.” बोलता बोलता त्या माझ्याकडे सरकल्या आणि आवाज खाली आणला. “थोडा मुखदुर्बळ हाय, ते मी लपवून ठेवत नाई. पण मनानं सोनं हाय, बाई. समजून घेणारी भेटली तर...”

त्या तिथंच थांबल्या. आपण काय बोलतोय ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. ताहेराआपांनी संत्र्याची फोड त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “सांगा ना, आत्याबाई. आम्ही ऐकून राहिलो.”

आत स्टोव्ह भडकला, विझला, पुन्हा भडकला. शैलजाचा आवाज आला, “आधी दूध नाही हो, आधी पाणी!” मग सरांचा आवाज, शांतपणे: “हे असं का झालं?”

मी उठले नाही. उठायचा फार मोह झाला, पण उठले नाही.

थोड्या वेळानं दार उघडलं आणि सर ट्रे घेऊन आले. कप बशीवर किणकिणत होते. त्यांचे कान लाल झाले होते. टायचं टोक शर्टाच्या दोन गुंड्यांमध्ये खोवलेलं होतं. ते असे जपून चालत होते की जणू ट्रेत चहा नाही, पारा आहे. मला एकदम भरून आलं. एवढी माणसं समोर बसून एखाद्याची चाल बघत असली की ती चाल कशी होते, हे मी पहिल्यांदाच पलीकडून बघत होते.

“दूध फाटलं,” ते म्हणाले. “मी आलं आणि दूध एकदमच टाकलं. म्हणून कोराच आणला.”

“फाटंल नाई तर काय!” आत्याबाई म्हणाल्या. “जल्मात कधी चहा केला का त्यानं?” आणि लगेच माझ्याकडे वळून, घाईघाईनं: “शिकंल तो. हुशार हाय.”

मी कप उचलला. चहा काळा, आल्यानं जिभेला झोंबणारा, साखर फार. मी सबंध घोट घेतला. “छान झालाय,” मी म्हटलं. तो छान झाला नव्हता, पण असा गरम कप त्या थंडीत मी तोवर हातात धरला नव्हता.

“पूर्ण नाव?” आपांनी सुरुवात केली.

“दिवाकर महादेवराव गावंडे,” सर म्हणाले. ते उभेच होते.

“शिक्षण?”

“एम. एस्सी. तुम्हांला माहीत आहे, आपा.”

“इथं मी आपा नाही. इथं मी मुलीकडची. जरा दारापर्यंत चालून दाखवा.”

सर चालून दाखवायला निघाले. शैलजा दारात झारा घेऊन उभी होती, ती भिंतीला टेकून खाली बसली. मामाजींचे खांदे हलत होते. ते हसत होते, आवाज न करता.

“पुरे आता,” शैलजा डोळे पुसत म्हणाली. “ह्या दोघांना जरा गच्चीवर जाऊ द्या. बोलू द्या. मुला-मुलीला बोलू देतात की नाही, आत्याबाई?”

“देतात,” आत्याबाई म्हणाल्या. त्या आता कशालाच नाही म्हणण्याच्या पलीकडे गेल्या होत्या.

गच्चीवर वारा होता. खाली गल्लीत कुणीतरी शेकोटी पेटवत होतं, ओल्या काड्यांचा धूर वर येत होता. ऊन नुकतंच गेलं होतं आणि आभाळ अजून उजळ होतं. सर कठड्याशी उभे राहिले. मीही, जरा अंतर ठेवून. शैलजासमोर म्हणून दाखवलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवेना.

“आज थंडी आहे,” सर म्हणाले.

“हो, आहे,” मी म्हटलं.

आणि मग मला वाटलं, हे असंच राहिलं तर जन्मभर असंच राहील. “सर,” मी म्हटलं, “आज हा बघण्याचा कार्यक्रम नव्हता. मी फक्त चहाला बोलावलं होतं. आत्याबाईंचा गैरसमज झाला. त्यामुळे तुम्ही मला हो म्हणायला बांधलेले नाही. मी ट्रे आणलेला नाही. तुमचा तो नियम मला लागू होत नाही.”

“म्हणून तुम्ही आणला नाहीत?”

“हो.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. त्याची वाफ दिसली. “तुम्ही रिकाम्या हातांनी येऊन बसलात तेव्हा मला वाटलं, संपलं. वाटलं, आम्हांला सगळ्यांना उठवून लावताय.”

“नाही, तसं नव्हतं. पण गैरसमजावर...”

“गैरसमज नव्हता,” सर म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं.

“काळमेघबाई म्हणाल्या, शनिवारी कुमुदकडे चहा आहे, या. मी घरी जाऊन आत्याला तार केली. मोहोडबाईंनी घरी चहाला बोलावलंय, तुम्हां दोघांनाही बोलावलंय, शनिवारीच या. एवढंच. पुढचं काय ते आत्या करणार, हे मला माहीत होतं.”

“पण मी त्यांना बोलावलं नव्हतं.”

“नव्हतं.”

“मग तुम्ही...”

“पहिलीला हो म्हणणार, हे मी आत्याला आधीच सांगून बसलो होतो. त्यातून आता मागे फिरता येत नव्हतं.” ते कठड्यावरची खपली नखानं काढत होते. “पण पहिली कोण, हे तरी मला बघता येत होतं. वर्ध्याच्या आधी एक दिवस होता. तेवढाच.”

खालची शेकोटी भडकली आणि पोरं ओरडली. मला काय झालं ते आजही नीट सांगता येत नाही. पायाखालची गच्ची हलली असं म्हटलं तर ते अचूक होणार नाही. पण मी कठडा धरला, हे खरं.

“तुम्ही सरळ विचारलं का नाही?” मी विचारलं.

“दोन वर्षं विचारायला आलो की तोंडातून थंडीच निघते.” ते थोडे हसले. “उन्हाळ्यात ऊन.”

मला हसू आलं आणि रडूही. “भिंतीपलीकडून तुमचं शिकवणं मला सगळं ऐकू येतं,” मी म्हटलं. एवढंच म्हणता आलं.

“मला माहीत आहे,” ते म्हणाले. “मी भिंतीजवळ उभा राहूनच शिकवतो.”

“झालं का बोलून?” आत्याबाईंची हाक आली. “मामाजीले वारा लागतो, दार लावायचं हाय.”

आम्ही आत आलो. वड्या खाऊन झाल्या होत्या. सगळे उठले होते. आत्याबाईंनी नारळाची पिशवी उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली; ओटी भरायची की नाही हे त्यांना कुणी सांगत नव्हतं. सर चपलांपाशी गेले. मला त्यांना थांबा म्हणायचं होतं, पण एवढ्या माणसांसमोर माझा आवाज पुन्हा आत गेला होता.

दारात आत्याबाई वळल्या. आता काय बोलायचं हे त्यांच्या चांगल्या सवयीचं होतं आणि ते त्या सवयीनंच बोलल्या: “बरं, येतो मंग. काय ते घरी जाऊन कळवतो.”

तो शब्द मला फार चांगला माहीत होता. तो ऐकला की आई आठ-पंधरा दिवस पोस्टमनच्या वेळेला ओट्यावर येऊन बसायची, काहीतरी निवडत, आपण वाट बघत नाही असं दाखवत. कुणी कधी काही कळवत नसे.

“अवं,” कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. मामाजी बोलले होते. आल्यापासून पहिल्यांदाच.

“आपण कायचं कळवतो?” ते म्हणाले. “चहा कोणं केला? चालून कोणं दाखवलं? पोरगं आपण दाखवाले आणलं होतं. कळवायचं तिनं.”

आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग सरांकडे, मग माझ्याकडे. त्यांचा सगळा थाट हळूहळू उतरला. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, एक पाऊल माझ्याकडे आल्या, आणि त्यांच्या तोंडावर मला माझ्या आईचा चेहरा दिसला. अगदी तोच, ओट्यावरचा.

“मंग, बाई,” त्यांनी विचारलं, “कधी कळवशीन?”

सर एका पायात चप्पल घालून उभे होते. दुसरा पाय हवेतच होता.

शैलजा माझ्या पाठीत बोट खुपसत होती. त्याची गरज नव्हती.

“आत्ताच कळवते,” मी म्हटलं, आणि ते खालच्या गल्लीतही ऐकू गेलं असावं, कारण शेकोटीजवळचं कुणीतरी वर बघायला लागलं. “मुलगा पसंत आहे.”

आत्याबाईंनी दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. ताहेराआपांनी “आम्हांला विचारलंसुद्धा नाही, मुलीकडच्यांना!” म्हणून तक्रार केली आणि डोळे पुसले. सरांचा पाय अजून खाली आला नव्हता.

“मंग घाई कायची?” मामाजी म्हणाले. “वर्धेले मी सकाळीच फोन करतो.” त्यांनी चपला काढल्या, सगळ्यांच्या मधून वाट काढत आत गेले आणि शेगडीजवळ जाऊन पुन्हा बसले.